ब्रेकचा रिकॉल कागदावर 'पूर्ण', पेडल अजून दगड. गणपतीला गाडी घाटात न्यावी का?

घाटवळण (२८ जुलै, रात्री १०:५०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी पेट्रोल हॅचबॅक, पाच वर्षांची, मी दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'ही कंपनी चांगली की ती' यावरच दोनशे प्रतिसाद होतील. मे महिन्यात कोथरूडला सिग्नलवर थांबताना ब्रेकचं पेडल अचानक दगडासारखं घट्ट झालं. पाय दाबतोय, गाडी सरकतेय. पुढच्या रिक्षामागे 'आई तुळजाभवानी प्रसन्न' लिहिलं होतं, ते इतक्या जवळून वाचलं की अक्षरांचे पोपडेसुद्धा दिसले. नंतर पेडल आपोआप ठीक. जूनमध्ये पुन्हा दोनदा तसंच.

कंपनीच्या वेबसाइटवर चेसिस नंबर टाकला तर कळलं की दीड वर्षापूर्वीच रिकॉल निघालाय (म्हणजे दोष असू शकणाऱ्या गाड्या कंपनीने दुरुस्तीला परत बोलावल्यात), आणि तोही नेमका ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम पाइपचा. पत्र अर्थात पहिल्या मालकाला गेलेलं. गाडी घेऊन गेलो.

पहिली खेप: "पार्ट नाहीये सर, आला की फोन करतो." फोन आला नाही.

दुसरी खेप: गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी "चेक केलं, सगळं ओके." जॉब कार्डावर फक्त 'तपासणी केली'.

तिसरी खेप: पुन्हा पेडल घट्ट झालं म्हणून गेलो. ॲडव्हायझरने आवारातच दोन चकरा मारल्या आणि लिहिलं 'नो ट्रबल फाउंड'.

आता वेबसाइट म्हणते की या गाडीवर कोणताही रिकॉल शिल्लक नाही!

२७ ऑगस्टला गणपती. घर गुहागरजवळ. दरवर्षी उंब्रज-पाटण-कोयनानगर करून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरतो. सोबत आई, बायको, दोन मुलं. बंद झालेला रिकॉल कोणी पुन्हा उघडून घेतलाय का? आणि गाडी न्यावी की नको?

---

रुमाल_टाकणारा

रुमाल टाकून ठेवतो. माझीही सेकंडहँड आहे, आधी चेसिस नंबर तपासून येतो.

---

पेठेतला_पुणेकर

दोन वर्षं गाडी वापरून रिकॉल आता तपासलात? घर घेताना सातबारा बघतो, मुलगी बघायला जाताना पत्रिका बघतो, आणि गाडी घेताना फक्त सीट कव्हर बघतो आपण.

---

घाटवळण

@पेठेतला_पुणेकर, मान्य. सीट कव्हर खरंच छान होती.

---

निवृत्त_फिटर_कराड (२९ जुलै, सकाळी ६:१५)

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. मोटारीचे ब्रेक वेगळे, पण तत्त्व समजून घ्या म्हणजे कोणी उल्लू बनवणार नाही.

पेडल दोन तऱ्हेनं बिघडतं. एक म्हणजे पाय आत आत जातो, स्पंजावर पाय दिल्यासारखा. तिथं ब्रेक ऑइल गळत असतं, लाइनीत हवा शिरलेली असते, नाहीतर मास्टर सिलिंडरचं रबर गेलेलं असतं. दुसरी तऱ्हा तुमची. पेडल घट्ट, पाय आतच जात नाही. तिथं बहुतेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नसतो. पेट्रोल इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनं बूस्टरच्या डब्यातली हवा पातळ होते. तुम्ही पाय दिला की पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि ती तुमच्या पायाला जोर देते. पाइप चिरला किंवा त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह अडकला की तो जोर गेला. ब्रेक तेव्हाही असतो बरं का, पण पूर्ण ताकदीनं दाबावं लागतं, आणि घाबरलेल्या माणसाला वाटतं ब्रेक फेल झाला.

आता घरी करायची परीक्षा. गाडी सपाटीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबा, घट्ट होईल. मग पाय तसाच दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाही, मग जॉब कार्डावर काहीही लिहिलेलं असो.

ही परीक्षा इंजिन थंड असताना करा आणि तासभर गाडी फिरवून गरम झाल्यावरही करा. गरम झाल्यावर रबर सैल पडतं. आवारात दोन चकरा मारून हा दोष सापडायचा नाही.

---

घाटवळण

काका, शतशः आभार. शनिवारी करून बघतो.

---

काउंटरपलीकडचा

मी नऊ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता धंदा वेगळा. तुम्ही सगळे ज्याला शिव्या देताय तो माणूस म्हणजे मी. म्हणून थोडं त्याच्या बाजूने.

बऱ्याच रिकॉलमध्ये काम दोन पायऱ्यांचं असतं, आधी तपासणी आणि मग गरज असेल तरच बदल. सरसकट सगळ्यांचा पार्ट बदलत नाहीत. पाइपवर बॅच नंबर किंवा तारखेचा शिक्का असतो. तो खराब बॅचचा निघाला तर बदलायचा, नाहीतर 'तपासणी केली' म्हणून रिकॉल बंद करायचा. मारुतीने मे २०१८ मध्ये नव्या स्विफ्ट आणि बलेनो मिळून ५२,६८६ गाड्या परत बोलावल्या होत्या, १ डिसेंबर २०१७ ते १६ मार्च २०१८ मध्ये बनलेल्या. तोही ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपचाच रिकॉल, आणि तोही असाच, तपासून सदोष असेल तर बदलायचा. तेव्हा धागाकर्त्याची गाडी कागदावर रीतसर बंद झालेली असू शकते. फसवणूकच झाली असं लगेच धरू नका.

दुसरी बाजूही सांगतो. रिकॉलच्या कामाचे पैसे वर्कशॉपला कंपनीकडून ठरावीक मिनिटांच्या हिशेबाने मिळतात. त्याच वेळात पेड सर्व्हिसच्या दोन गाड्या होतात. वरून महिनाअखेरीस 'किती चेसिस पेंडिंग' म्हणून फोन. पार्ट मोजके येतात. अशा वेळी बोनेट न उघडता 'तपासणी' लिहिण्याचा मोह होतो. मी केलं नाही, शेजारच्या टेबलावर होताना पाहिलंय.

म्हणून जॉब कार्ड काढा. पाइपचा बॅच नंबर लिहिलाय का? फोटो जोडलाय का? जुना पार्ट काढला असता तर त्याला टॅग लावून ठेवावा लागतो, त्याची नोंद असते. यातलं काहीच नसेल तर तुमची बाजू भक्कम.

---

घाटवळण

जॉब कार्ड बघितलं. नंबरचा रकाना कोरा.

---

काउंटरपलीकडचा

मग भांडा. शांतपणे आणि लेखी.

---

जर्सीवाली_जोशी

न्यू जर्सीहून. इथे सगळं आलबेल असतं असं कोणाला वाटत असेल तर ऐका. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया दोघांनी मिळून अमेरिकेत सुमारे ३४ लाख गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) मोड्यूलमध्ये ब्रेक ऑइल आतल्या आत झिरपून शॉर्टसर्किट होऊन इंजिनपाशी आग लागू शकते, असा तो दोष. मालकांना काय सांगितलं, तर दुरुस्ती होईपर्यंत गाडी घराबाहेर, इमारतीपासून लांब उभी करा! आणि दुरुस्ती काय, तर फ्यूज बदलून द्यायचा. झिरपणारं मोड्यूल तसंच, फक्त शॉर्ट झालंच तर करंट आधी तुटेल. त्यावर लोक इतके वैतागले की विचारू नका.

माझी गाडी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या भानगडीची. पहिलं पत्र आलं, 'तुमच्या ब्रेकमध्ये दोष आहे, उपाय अजून तयार नाही, तयार झाला की दुसरं पत्र पाठवू.' दुसरं पत्र सात महिन्यांनी. मधल्या काळात रोज ३५ मैल जाणं-येणं. सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी ते पत्र वाचून डॅशबोर्डवरच्या गणपतीशेजारी मारुतीही बसवला.

एक मात्र इथे बरं आहे. चेसिस नंबर सरकारी साइटवर टाकला की कुठल्याही कंपनीच्या गाडीचा बाकी असलेला रिकॉल दिसतो. गाडी तीन हातांतून फिरून आलेली असली तरी.

---

रुमाल_टाकणारा

आलो तपासून. माझ्या गाडीवर काही नाही. आता उलट शंका येतेय की 'काही नाही' म्हणजे खरंच काही नाही की धागाकर्त्यासारखं 'काही नाही'.

---

सांगलीकर_भावड्या

लई गाजावाजा चाललाय. आमच्या वडिलांनी जुनी जीप २२ वर्षं हाकली, एकदा बी रिकॉल आला न्हाई.

---

पेठेतला_पुणेकर

@सांगलीकर_भावड्या, रिकॉल आला नाही कारण तेव्हा ती पद्धतच नव्हती. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता जुलै २०१२ मध्ये आणली. त्याआधी दोष नव्हते असं नाही, पत्र नव्हतं.

---

सांगलीकर_भावड्या

ते बी खरं. ब्रेक मारायच्या आधी वडील हॉर्न मारायचे, एवढं आठवतंय.

---

वकील_बाई (३० जुलै)

कायद्याचं थोडं, कारण बरेच जण 'रिकॉल म्हणजे कंपनीची मेहेरबानी' असं समजून बोलतायत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०अ आलं. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. आता केंद्र सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं. आदेश मोडला तर १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड. वाहन सात वर्षांपेक्षा कमी वयाचं हवं. वाहनमालकाला 'वाहन' पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते. पण इथेच मेख आहे. वर्षाला १०,००० हून जास्त खपणाऱ्या मोटारीच्या मॉडेलसाठी १२५० तक्रारी जमल्या तर चौकशीची पायरी येते. एकट्या घाटवळण यांच्या तक्रारीने सरकार हलणार नाही. तरीही नोंदवा. १२५० मोजायला सुरुवात कुणापासून तरी व्हायला हवी.

हा झाला सार्वजनिक मार्ग. तुमचा वैयक्तिक मार्ग म्हणजे ग्राहक आयोग. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार, कित्येकदा तेवढ्यावरच कंपनीची माणसं हलतात. नाही हललीत तर जिल्हा आयोग, तक्रार ऑनलाइन दाखल होते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वाहनाच्या दोषात तज्ज्ञाचा अहवाल नसला की तक्रारी कोसळतात, हे लक्षात ठेवा. 'मला पेडल घट्ट वाटलं' याला पुरावा म्हणत नाहीत. फिटरकाकांनी सांगितलेली परीक्षा व्हिडिओत घ्या, तारीख-वेळ दिसू द्या, कोणत्या किलोमीटरला घडलं ते लिहून ठेवा.

आणि हो, गाडी सेकंडहँड आहे म्हणून रिकॉलचा हक्क जात नाही. रिकॉल चेसिसचा असतो, मालकाचा नाही.

---

तिरकस_तात्या

गाडी परत बोलावतात, पण पैसे परत बोलावता येत नाहीत, याला रिकॉल म्हणतात.

---

मर्क_नसलेला

महागड्या गाडीवाल्यांची अवस्था ऐकून समाधान वाटेल. जून २०२२ मध्ये मर्सिडीजने जगभरात ९,९३,४०७ गाड्या परत बोलावल्या, २००४ ते २०१५ दरम्यानच्या. बूस्टरच्या डब्याला गंज लागून ब्रेकचा जोर जाऊ शकतो म्हणून. मालकांना निरोप होता की तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूच्या १५ लाख गाड्यांचं ब्रेक युनिट गोत्यात आलं, पुरवठादाराकडून आलेलं. त्या पायी कंपनीला वर्षाच्या नफ्याचा अंदाज खाली आणावा लागला.

मी अर्थात रिक्षाने जातो.

---

मालवणी_खेकडो

गंजाचा विषय निघाला म्हणून अवांतर. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये युरोप, ब्रिटन आणि कोरियात मिळून १५,२०० च्या आसपास बाइक परत बोलावल्या होत्या. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने ब्रेकचे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गंजायला लागले. मी म्हटलं, आमच्याकडे मीठ टाकावं लागत नाही, ते वाऱ्यावर फुकट येतं. देवबागला समुद्रापासून शंभर पावलांवर गाडी उभी असते. चार दिवस हलवली नाही की डिस्कवर तांबूस थर. पहिला ब्रेक मारताना असा करकरतो की शेजारी दार उघडून बघतात कोण आलं.

---

निवृत्त_फिटर_कराड

@मालवणी_खेकडो, वरवरचा तांबूस थर दोन-चार ब्रेक मारले की निघून जातो, त्याला घाबरू नका. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या तर एकाच बाजूचा पॅड झिजतो आणि गाडी ब्रेक मारताना एकीकडं ओढते. तसं झालं तर दाखवा.

---

डिझेलवाला_नाशिक

मूळ प्रश्नाकडे. मी असतो तर नेली असती. पेडल घट्ट झालं तरी ब्रेक लागतो हे काकांनीच सांगितलं. घाटात तसंही गिअरवर उतरायचं असतं. कसाऱ्यातून इतकी वर्षं उतरतोय, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरतं.

---

सुगरण_चाकावर

@डिझेलवाला_नाशिक, क्षमस्व, पण हा सल्ला फार बेजबाबदार वाटला. पूर्ण ताकदीने दाबलं तर ब्रेक लागतो हे खरं. पण 'पूर्ण ताकद' कुणाची? मी पाच फूट एक इंच, वजन ४८. अंबोलीत एकदा गाडी बंद पडली तेव्हा बूस्टरशिवाय पेडल दाबून पाहिलंय, सीटवरून अक्षरशः उभी राहिले होते. धागाकर्त्याच्या बायकोने मध्ये गाडी हातात घेतली तर?

---

डिझेलवाला_नाशिक

मुद्दा मान्य. माझं ९२ किलो वजन पहिल्यांदाच कुठेतरी कामाला येतंय असं वाटलं होतं.

---

तिरकस_तात्या

गिअरवर उतरण्यावरून आठवलं. आमचे सासरे घाट लागला की इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडायचे. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत पेट्रोल वाचवायचे. मागच्या सीटवर सासूबाई विष्णुसहस्रनाम. मायलेज विचारलं की दोघांनाही वेगवेगळं समाधान मिळायचं.

---

निवृत्त_फिटर_कराड

तात्या, हसलो, पण पोरं वाचतात म्हणून लिहितो. असं कधीच करू नका. इंजिन बंद म्हणजे व्हॅक्यूम बंद. डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीन वेळा ब्रेक नरम लागेल, चौथ्याला धागाकर्त्याचा दगड. पॉवर स्टिअरिंगही जड होईल. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवलं तरी गिअरची पकड नाही, सगळा भार पॅडवर, ते तापतात. आणि जुनं ब्रेक ऑइल असलं तर अजून वाईट. ते हवेतलं पाणी पितं. नवं डॉट ४ ऑइल २३० अंशांच्या पुढं उकळतं, पाणी मुरलेलं १५५ लाच उकळू शकतं. उकळलं की लाइनीत वाफ, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. लोक इंजिन ऑइल बदलतात, ब्रेक ऑइल कुणी विचारत नाही.

एसटीत हवेचे ब्रेक. हवा गेली तर स्प्रिंगचा ब्रेक आपोआप लागून गाडी जागेवर थांबते. ड्रायव्हर हवेचा काटा बघितल्याशिवाय स्टँड सोडत नाही. तुमच्या मोटारीत बूस्टरचा काटाच नाही. पाय हाच काटा.

---

नवखा_ईव्हीवाला

आमच्या इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच नाही. इंजिनच नाही तर व्हॅक्यूम कुठला.

---

काउंटरपलीकडचा

@नवखा_ईव्हीवाला, तुमच्यात बूस्टरला मोटर असते, नाहीतर व्हॅक्यूमसाठी वेगळा विजेचा पंप. प्रश्न असतो, फक्त पत्ता वेगळा. टर्बो पेट्रोलमध्येही इंजिनची ओढ कमी पडते म्हणून काही गाड्यांना वेगळा पंप देतात. एप्रिल २०२३ मध्ये बलेनो आरएसच्या ७,२१३ गाड्या परत बोलावल्या त्या याच पंपासाठी.

---

पेठेतला_पुणेकर

माझं मत थोडं उलटं आहे. आपण रिकॉल करणाऱ्या कंपनीला नावं ठेवतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुतीने वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मिळून ९,९२५ गाड्या मागच्या ब्रेकच्या पिनसाठी परत बोलावल्या, तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर 'बघा, डबा गाड्या' म्हणून निरोप फिरले. अहो, एका महिन्याच्या उत्पादनातला दोष शोधून सांगितला त्यांनी. जी कंपनी दहा वर्षांत एकदाही काही परत बोलावत नाही, तिची मला जास्त भीती वाटते.

---

सुगरण_चाकावर

रिकॉल जाहीर करणं वेगळं आणि गाडी दुरुस्त होऊन हातात येणं वेगळं. जाहिरातीत गाडी कड्याच्या टोकावर थांबते, आणि पार्टासाठी मात्र चार महिने 'वरून आलेला नाही'. वर म्हणजे नेमकं कुठे ते आजवर कुणी सांगितलेलं नाही.

---

तिरकस_तात्या

वर म्हणजे जिथे सासूबाईंचं विष्णुसहस्रनाम पोचायचं तिथे.

---

घाटवळण (३ ऑगस्ट, सायंकाळी ७:२०)

परीक्षा केली. थंड इंजिनावर पेडल छान खाली गेलं. मी खूश. मग सिंहगड रस्त्याने ट्रॅफिकमध्ये सव्वा तास फिरून आलो, ऊन होतं, एसी चालू. परत तेच केलं. पेडल जागचं हललं नाही. तीनदा केलं, तीनदा नाही. मुलाने व्हिडिओ काढला, त्यात शेवटी त्याचा आवाज आहे, "बाबा, आता जायचं का?"

आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याने नुसतं बोनेट उघडून बघितलं, काही काढलं नाही (काउंटरपलीकडचा यांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) बजावलं होतं की बाहेर हात लावू देऊ नका). पाइपच्या क्लिपवर कारखान्यातली रंगाची खूण अखंड, वर पाच वर्षांची धूळ. बॅचचा शिक्का पाइपच्या खालच्या बाजूला आहे, आरसा धरल्याशिवाय दिसत नाही. आम्ही आरसा धरला. कंपनीच्या रिकॉल सूचनेत दिलेल्या बॅचमध्येच बसतोय.

म्हणजे तपासणीसुद्धा झाली नव्हती.

---

सांगलीकर_भावड्या

आता मात्र डोकं फिरलं राव.

---

वकील_बाई

उत्तम. फोटो, व्हिडिओ, तिन्ही जॉब कार्डं. मेल वर्कशॉपला नाही, कंपनीच्या ग्राहक विभागाला, वर्कशॉपला प्रत. मजकूर छोटा ठेवा. एकच मागणी, रिकॉल पुन्हा उघडून पाइप बदला आणि तोवर गाडी चालवणं सुरक्षित आहे असं लेखी द्या. ते लेखी कोणी देत नाही, आणि तिथूनच काम हलतं.

---

जर्सीवाली_जोशी

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावते.

---

कोकणकन्या_वेटिंग

गाडी न नेण्याचा निर्णय घ्याल तर रेल्वेच्या नादी लागू नका. गणपतीची तिकिटं उघडल्यावर मिनिटाभरात वेटिंगला जातात, आता तर 'रिग्रेट' दाखवतंय. एसटीच्या जादा गाड्या बघा, वाडीतले लोक मिळून गटाचं आरक्षण करतात.

---

घाटवळण (१२ ऑगस्ट)

मेल गेला ४ तारखेला. ६ ला १९१५ वर तक्रार. ८ ला कंपनीच्या विभागीय कार्यालयातून फोन, अतिशय गोड आवाज, "सर, आमच्या सिस्टीममध्ये तुमचं काम पूर्ण दिसतंय." मी म्हटलं, सिस्टीमला आरसा धरा. (हे खरं तर बोललो नाही, नंतर सुचलं. प्रत्यक्षात म्हटलं, फोटो मेलमध्ये आहेत मॅडम.) लेखी मागितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या मॅनेजरचा स्वतःहून फोन, गाडी न्यायला माणूस पाठवतो म्हणाला. मी टो करून न्या म्हटलं. नेली.

काल नवं जॉब कार्ड मिळालं. 'बदल आवश्यक, भाग प्रलंबित.' वेबसाइटवर रिकॉल पुन्हा उघडा दिसतोय. सेकंडहँड गाडी घेतल्यापासूनचा हा सर्वात आनंदाचा दिवस आहे यावरून काय ते समजा.

पार्ट कधी येणार, तर 'वरून आला की'.

---

काउंटरपलीकडचा

अभिनंदन. बदललेला पाइप बघायला मागा, टॅगसकट. आणि नव्या पाइपवरच्या शिक्क्याचा फोटो.

---

डिझेलवाला_नाशिक

मग गणपतीला कसे जाणार? माझी जागा रिकामी असती तर नेलं असतं, पण आम्हीच सात जण.

---

घाटवळण (६ सप्टेंबर, रात्री)

उशिरा उत्तर देतोय, गावाला रेंज नव्हती.

एसटीने गेलो. वाडीची गटाची गाडी मिळाली, स्वारगेटहून रात्री. कोयनानगर सोडल्यावर कुंभार्लीत धुकं आणि धो धो पाऊस. सगळे झोपलेले, मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जागा. आयुष्यात पहिल्यांदा हवेच्या काट्याकडे बघत घाट उतरलो. अलोरे येईपर्यंत ड्रायव्हरशी ओळख झाली होती. म्हणाले, "तुम्ही डेपोत आहात काय?" काकांचं नाव सांगायचं होतं, पण इथे सगळे टोपणनावानेच. 'कराडचे एक फिटर' एवढंच म्हणालो.

गाडी काल मिळाली. पाइप बदललाय, जुना टॅग लावलेला दाखवला, चिरेवर अंगठ्याचं नख आत जातं. गरम इंजिनावर पेडल खाली गेलं, चारदा करून बघितलं. वर्कशॉपमधल्या पोराने विचारलं, "हे काय करताय सर?" त्याला शिकवलं. त्याने शेजारच्या गाडीवर करून बघितलं, आणि दोन मिनिटांनी आत साहेबांना बोलवायला गेला.

---

निवृत्त_फिटर_कराड

ड्रायव्हर कुठल्या डेपोचा होता? चिपळूणचा असेल तर ओळखत असेन.

---

रुमाल_टाकणारा

शेजारची गाडी पांढरी होती का? माझी कालपासून सर्व्हिसिंगला टाकली आहे.